विकत घेतलेल्या वस्तूचा धनी कोण?

मनुष्य बाजारांत जाऊन एखादी वस्तु विकत घेतो, तेव्हां तो नेमकें काय घेतो? हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तु घरीं आणली, कीं ती आपली झाली, असेंच आपण सारे धरून चालतों. सायकलीचा टायर झिजला, तर तो कोणत्याहि दुकानांतून आणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून बसवून घ्यावा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला, तर तो आपल्या हातानें बदलावा. शिवणयंत्राचा पट्टा तुटला, तर दुसरा चढवावा. ह्या कामीं कारखानदाराची परवानगी विचारण्याचें आपल्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु आज ज्या एका वस्तूवांचून शहरांतील कुटुंबाचें पान हलत नाहीं, त्या स्मार्टफोनच्या बाबतींत मात्र हा साधा व्यवहार उलटापालटा झाला आहे. फोन आपला, पैसे आपले. पण त्याची बॅटरी कोणी, कोठें व कोणत्या भावानें बदलावी, हें ठरविणार कारखानदार! ह्या विलक्षण स्थितीचा थोडा विचार श्रोत्यांपुढें मांडण्याचा आज माझा हेतु आहे.

फोनमध्यें शेंकडों भाग असतात. पण त्यांपैकीं बॅटरीचा क्षय हा पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. हल्लींच्या फोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीनें ती १९९१ मध्यें प्रथम बाजारांत आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचें कार्य थोडक्यांत असें: एका बाजूस ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूस धातूच्या ऑक्साइडचा थर, आणि मध्यें एक द्रव. चार्ज करतांना लिथियमचे आयन ऑक्साइडकडून ग्रॅफाइटकडे जातात. फोन वापरतांना ते परत फिरतात. ही येरझार बिनखर्चाची असती, तर बॅटरी अमर झाली असती. पण ह्या फेऱ्यांत थोडेंथोडें लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर सांचणाऱ्या कवचांत अडकून पडतें व तें पुन्हा कामास येत नाहीं.

ह्याचे परिणाम दोन. एक तर बॅटरींत मावणारी वीज कमी होते. आणि दुसरें, तिचा अंतर्गत विरोध वाढतो. पहिल्यामुळें दुपारींच चार्जर शोधण्याची पाळी येते. दुसऱ्यामुळें, फोनवर एकाएकीं कामाचा भार पडला म्हणजे व्होल्टेज घसरतें, आणि पुरेशी वीज शिल्लक दिसत असतांहि फोन अचानक बंद पडतो. उष्णता ह्या क्षयाला हातभार लावते, आणि आपल्या देशांत उष्णतेला तोटा नाहीं. सारांश, बॅटरी ही समई नव्हे. ती समईंतील वात आहे. वात जळावयाचीच. ती जळाली म्हणून समई अडगळींत टाकणारा गृहस्थ शहाणा म्हणवून घेणार नाहीं.

एके काळीं ही वात बदलणें अगदीं सोपें होतें. फोनचें पाठीमागचें झांकण नखानें सरकवावें, जुनी बॅटरी काढावी, नवी बसवावी. अर्ध्या मिनिटाचें काम. लांबच्या प्रवासाला निघतांना भरलेली दुसरी बॅटरी जवळ ठेवणारे लोक पुष्कळांना आठवत असतील. पुढें २००७ मध्यें ॲपल कंपनीचा आयफोन आला, आणि त्याची बॅटरी आंत बंदिस्त होती. ह्याच कंपनीच्या आयपॉड ह्या गाणीं ऐकण्याच्या उपकरणावरून अमेरिकेंतील ग्राहकांनीं त्यापूर्वींच दावा लावला होता, व बॅटरी लौकर निकामी होते ह्या तक्रारीवर २००५ मध्यें कंपनीस तडजोड करावी लागली होती. तरीहि बंदिस्त बॅटरीची रीत रूढ झाली, आणि हळूहळू बहुतेक सर्व कारखानदारांनीं ती उचलली.

आज बॅटरी आणि तिचा धनी ह्यांच्यामध्यें तीन कुलुपें आहेत. पहिलें कुलूप डिंकाचें. काच, चौकट व बॅटरी हीं चिकट द्रव्यानें जखडलेलीं असतात. तीं सोडविण्यास बहुधा उष्णता द्यावी लागते, आणि पातळ पात्यानें काच उचलावी लागते. ह्या खटपटींत काच तडकण्याची, किंबहुना बॅटरीस छिद्र पडून ती पेट घेण्याची भीति असते. दुसरें कुलूप हत्यारांचें. कांहीं फोनांचे स्क्रू पांच पाकळ्यांच्या डोक्याचे असतात. घरांतील साधा स्क्रूड्रायव्हर तेथें चालत नाहीं. हीं दोन कुलुपें कुशल कारागीर थोड्या श्रमानें उघडतो. तिसरें कुलूप मात्र डोळ्यांना दिसतच नाहीं, कारण तें सॉफ्टवेअरचें आहे. बॅटरीवर एक बारीक चिप असते. तिची ओळख फोनच्या मुख्य यंत्रणेशीं जुळवून ठेवलेली असते. दुसरी बॅटरी बसविली आणि ही ओळख पटली नाहीं, तर फोन स्वतःच आपल्या धन्याला इशारा देऊं लागतो.

ऑगस्ट २०१९ मध्यें आयफिक्सइट ह्या दुरुस्तीचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेनें एक गोष्ट उघडकीस आणली. आयफोनच्या त्या वेळच्या नव्या नमुन्यांत त्याच जातीच्या दुसऱ्या फोनची अस्सल बॅटरी बसविली, तरी सर्व्हिसची सूचना झळकत असे व बॅटरीच्या प्रकृतीचा आंकडा दाखविला जात नसे. फोन चालत असे, हें खरें. परंतु ग्राहकाच्या मनांत किंतु उत्पन्न करण्यास एवढें पुरेसें होतें. ह्या रीतीवर पुष्कळ टीका झाल्यावर, वापरलेले अस्सल भाग स्वीकारण्याचें धोरण कंपनीनें २०२४ मध्यें जाहीर केलें.

परंतु लोकांच्या डोळ्यांत खरें अंजन घातलें तें २०१७ च्या प्रकरणानें. त्या वर्षाच्या जानेवारींत ॲपलनें आयफोनच्या सॉफ्टवेअरची एक सुधारलेली आवृत्ति सर्वत्र पाठविली. फोन अवचित बंद पडण्याचा दोष तीमुळें कमी होईल, एवढेंच लोकांना कळलें. तो दोष कसा कमी केला, हें मात्र स्पष्ट सांगण्यांत आलें नाहीं. बॅटरी क्षीण झालेल्या फोनची गतीच सॉफ्टवेअरनें मंद केली होती. भार कमी, म्हणून व्होल्टेजची घसरण कमी. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें ही युक्ति टाकाऊ नव्हती. पण ग्राहकाला काय दिसलें? आपला फोन म्हातारा झाला, आतां नवा घ्यावयास हवा! नवी बॅटरी घातली, तर हाच फोन पूर्ववत् धांवेल, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं. डिसेंबर २०१७ मध्यें जॉन पूल ह्या संगणकतज्ज्ञानें हजारों फोनांच्या गतीचे आंकडे तपासून हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. दोन दिवसांत कंपनीनें तो कबूल केला आणि महिना संपण्यापूर्वीं ग्राहकांची क्षमा मागितली. बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणण्यांत आला.

प्रकरण तेवढ्यावर मिटलें नाहीं. इटलीच्या स्पर्धा-नियामकानें ऑक्टोबर २०१८ मध्यें ॲपलला १ कोटि युरोंचा दंड केला. जुन्या फोनांवर जड सॉफ्टवेअर लादल्याबद्दल सॅमसंगलाहि ५० लाख युरोंचा दंड झाला. फ्रान्समध्यें फेब्रुवारी २०२० मध्यें अडीच कोटि युरोंचा दंड भरावा लागला, तो ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेंत त्याच वर्षीं ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यांत ५० कोटि डॉलरांपर्यंतची तडजोड झाली, आणि नोव्हेंबरांत अनेक राज्यांच्या सरकारांशीं ११ कोटि ३० लाख डॉलरांची दुसरी. नवा फोन खपावा म्हणून जुना मुद्दाम मंद केला, हा आरोप कंपनीनें कधींच मान्य केला नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण आपल्या विवेचनास त्याची गरजहि नाहीं. हेतु चांगला असो वा वाईट. जी माहिती मिळाली असती तर ग्राहक नवा फोन न घेतां नवी बॅटरी घेता, ती माहिती त्याच्यापासून दूर राहिली. दोष आहे तो येथें.

कारखानदारांची भीति अगदींच निराधार आहे, असें नाहीं. विजेच्या दिव्यांचा इतिहास पाहा. १९२० नंतरच्या दशकांत जगांतील प्रमुख दिवे-कारखानदारांनीं जिनीव्हा येथें फीबस नांवाचा संघ स्थापून दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवलें, आणि जास्त टिकाऊ दिवा करणाऱ्या सभासदाला दंड ठेवला! तात्पर्य, वस्तूचें आयुष्य ठरविण्याची सत्ता ज्याच्या हातीं, त्याला नवी वस्तु विकण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. म्हणूनच ती सत्ता एका हातीं राहूं देणें इष्ट नव्हे.

आतां दुसरी बाजू ऐकूं. कारखानदारांचीं कारणें तीन आहेत, व तीं हंसण्यावारी नेण्यासारखीं नाहींत. पहिलें सुरक्षिततेचें. लिथियमची बॅटरी ही खेळण्याची वस्तु नाहीं. २०१६ मध्यें सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ह्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या, तेव्हां सारे फोन परत मागवून तो नमुनाच बंद करण्याची पाळी आली. हलक्या प्रतीच्या नकली बॅटऱ्या बाजारांत आहेत, आणि त्यांचा धोका खरा आहे. दुसरें कारण पाण्याचें. बंदिस्त फोन पाण्यांत पडला तरी वांचतो. तिसरें कारण आकाराचें. उघडतें झांकण व बॅटरीचें जाड आवरण गाळलें, म्हणजे फोन सडपातळ होतो.

ह्या तिन्ही कारणांत तथ्य आहे. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र तर्काला धरून नाहीं. नोट ७ च्या बॅटऱ्या कोणा गल्लींतल्या कारागिरानें बसविल्या नव्हत्या. त्या कंपनीच्याच होत्या. आणि नकली बॅटरी फोफावते कशामुळें? अस्सल बॅटरी खुल्या बाजारांत रास्त भावानें मिळत नाहीं, म्हणून. अस्सल माल दडवून ठेवावा आणि नकली मालाची भीति घालावी, ह्याला काय म्हणावें? पाण्याच्या आक्षेपाला तर कारखानदारांनींच उत्तर दिलें आहे. सॅमसंगचा २०१४ चा गॅलक्सी एस ५ हा फोन पाण्यांत टिकत असे, आणि तरीहि त्याचें झांकण काढून बॅटरी बदलतां येत असे. त्याच कंपनीचा २०२२ चा एक्सकव्हर ६ प्रो हाहि तसाच आहे. आणि ॲपलनें २०२४ च्या आयफोन १६ मध्यें बॅटरीखालीं असें चिकट द्रव्य घातलें, कीं त्यांतून थोडा वीजप्रवाह सोडला असतां तें आपोआप सुटतें. म्हणजे मनांत आणलें, तर मार्ग सांपडतो. तो मनांत आणावयास लावणें, हें कायद्याचें काम.

तें काम परदेशांत सुरू झालें आहे. अमेरिकेंत १९७५ पासून असा कायदा आहे, कीं अमुकच कंपनीचे भाग वापरा, नाहीं तर हमी रद्द, अशी अट सामान्यतः घालतां येत नाहीं. फेडरल ट्रेड कमिशननें मे २०२१ मध्यें काँग्रेसला सादर केलेल्या अहवालांत, दुरुस्तीवरील निर्बंधांसाठीं कारखानदार जीं समर्थनें देतात त्यांस फारसा पुरावा नाहीं, असें मत दिलें. पुढें न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया इत्यादि राज्यांनीं दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. आणि मार्च २०२४ मध्यें ऑरेगॉन राज्यानें एक पाऊल पुढें टाकून, भागांची सांगड घालून दुरुस्ती अडविणाऱ्या त्या तिसऱ्या, अदृश्य कुलुपावरच बंदी घातली.

युरोपीय संघानें ह्याहूनहि पद्धतशीर मार्ग धरला. २० जून २०२५ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० वेळां चार्ज झाल्यावरहि मूळच्या निदान ८० टक्के वीज धरणारी असली पाहिजे, आणि विक्री बंद झाल्यावर सात वर्षें महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा नियम लागू झाला. त्यांतच एक तोड आहे. बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलतां यावी. तशी ती येत नसेल, तर फोन पाण्यांत टिकणारा हवा, आणि बॅटरी १,००० फेऱ्यांनंतरहि ८० टक्के शाबूत राहिली पाहिजे. म्हणजे कारखानदारास असें सांगितलें, कीं बाबा, झांकण बंद ठेवावयाचें असेल तर ठेव. पण मग आंतली वात जास्त टिकाऊ घाल! ह्याखेरीज २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्यानें, उपकरणांतील बॅटरी ग्राहकास साध्या हत्यारांनीं काढतां यावी व सॉफ्टवेअरनें ती बदलण्यांत अडथळा आणूं नये, असें ठरवून त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख मुक्रर केली. फ्रान्सनें तर १ जानेवारी २०२१ पासूनच विक्रीच्या वेळीं फोनला दहापैकीं दुरुस्तीसुलभतेचे गुण देण्याची सक्ति केली.

आणि आपल्याकडे? ग्राहकांच्या चळवळीला महाराष्ट्र परका नाहीं. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पुढल्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली, व तो जुलै २०२० पासून अंमलांत आला. वस्तूचा दर्जा व किंमत ह्यांची माहिती मिळण्याचा, आणि स्पर्धेच्या भावांत निवड करावयास मिळण्याचा हक्क त्यांत स्पष्ट नमूद आहे. एक वस्तु घ्यावयाची तर दुसरी अमुकच वस्तु वा सेवा घेतली पाहिजे, अशी अट ही त्या कायद्यानें निर्बंधकारक व्यापारप्रथा मानली आहे. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, व शेतीचीं अवजारें, मोबाईल फोन, घरगुती उपकरणें आणि मोटारी हीं चार क्षेत्रें तिच्याकडे सोंपविलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुरुस्तीविषयक माहितीचें एक सरकारी संकेतस्थळ सुरू झालें. फोनला दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक द्यावा, ह्यासाठीं दुसरी समिति सप्टेंबर २०२४ मध्यें नेमली गेली, व तिचा अहवाल मे २०२५ मध्यें सरकारकडे आला. अर्थात् अहवाल म्हणजे कायदा नव्हे. तथापि न्यायाची दिशा आपल्याकडेहि ठरलेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें, अस्सल सुटे भाग व तपासणीचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न देणें हा बाजारांतील वर्चस्वाचा दुरुपयोग होय, असें ठरवून १४ मोटार-कंपन्यांना सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड केला. दंडाची रक्कम पुढें अपिलांत वादाचा विषय झाली. पण त्यामागचें तत्त्व फोनला लागूं नये, असें मला तरी कारण दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, एका बॅटरीसाठीं एवढा खटाटोप कशाला? दोन वर्षांनीं नवा फोन घेतला म्हणजे झालें! ज्यांना तें परवडतें, त्यांनीं क्षणभर इतरांकडे पाहावें. फोन ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. भाजीवाल्याचे पैसे त्यावरून जातात, निवृत्तिवेतनाचा निरोप त्यावर येतो, मुलाची प्रवेशपरीक्षेची सूचना त्यावरच कळते. तो दुपारीं मान टाकूं लागला, म्हणजे वृद्ध पेन्शनराचा व्यवहार अडतो, आणि घरोघर सामान पोंचविणाऱ्या पोऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, पुण्याच्या बुधवार पेठेंत काय, ज्यांचे डोळे व बोटें ह्या बारीक कामांत तयार झालीं आहेत, त्या कारागिरांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यांना अस्सल भाग व माहिती दिली, तर ते नकली मालाकडे कशाला वळतील? आणि टाकलेला प्रत्येक फोन म्हणजे खाणींतून कष्टानें काढलेलें कोबाल्ट, लिथियम व तांबें ह्यांचा कचरा. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हें ठीक. पण कचरा उचलण्यापेक्षां तो होऊं न देणें हें केव्हांहि बरें.

कायदा येईल तेव्हां येवो. तोंवर कुटुंबांनीं कांहीं गोष्टी अवश्य कराव्या. फोन घेतांना कॅमेऱ्याची चौकशी करतों, तशीच विक्रेत्यास विचारावें: ह्याची बॅटरी बदलण्यास काय पडेल, किती दिवस लागतील, आणि किती वर्षें ती मिळेल? हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनीं विचारला, तर विक्रेता कंपनीला विचारील. फोन मंद झाला, तर नवा घेण्यापूर्वीं बॅटरीची प्रकृति तपासून घ्यावी. बॅटरी बदलल्यावर पावती मागावी, आणि तींत बॅटरीचा प्रकार व हमीची मुदत लिहून घ्यावी. फोन उन्हांत किंवा उशीखालीं ठेवून चार्ज करूं नये. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती टोंचूं नये, दाबूं नये, घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. फोन बंद करून तो जाणत्या कारागिराकडे न्यावा. सेवाकेंद्रानें अन्याय केला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर सांगावें. तेवढ्यानें न भागलें, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार करतां येते, तिला मुदत दोन वर्षांची असते, पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस फी पडत नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंहि नाहीं.

मालकी ह्या शब्दाचा अर्थ केवळ पावतींत नसतो. वस्तु वापरावी, मोडली तर दुरुस्त करावी, नको झाली तर दुसऱ्याला द्यावी, ह्या तिन्हीं मिळून मालकी होते. त्यांतील मधली काढून घेतली, तर उरतें तें भाडेकरूपण. आणि भाडेकरूला निदान आपण भाडेकरू आहों, हें ठाऊक तरी असतें! आपण पूर्ण किंमत मोजतों. तेव्हां पूर्ण मालकी मागण्यांत संकोच कसला? कारखानदाराशीं आपलें वैर नाहीं. त्याच्या बुद्धीचें व कौशल्याचें मोल आपण आनंदानें देतों. मात्र वस्तु विकल्यावर तिच्या किल्ल्या त्यानें स्वतःच्या कनवटीस लावून ठेवूं नयेत, एवढेंच आपलें मागणें आहे.